दवाखान्यातल्या पडद्याची लाज

मी दवाखान्यातला एक जुना पडदा आहे, आणि तुमच्यासमोर उभं राहायची मला लाज वाटते. दुसऱ्यांची लाज झाकणं हाच ज्याचा धंदा, त्याला स्वतःची लाज कुठून आली, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, तेच सांगायला आज तोंड उघडलं आहे. यात हसण्यासारखं थोडं आहे, पण ते माझ्यावरच हसण्यासारखं आहे आणि ते मी स्वतः सांगणार आहे.

आधी माझं रूप सांगतो. मी खिडकीचा पडदा नव्हे, नाटकाचा तर नव्हेच. लोखंडी नळ्यांच्या तीन चौकटी बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या, प्रत्येक चौकटीत हिरवं कापड ताणून बसवलेलं, आणि खाली सहा चाकं. उंची माणसाच्या डोक्याच्या वर वीतभर. गरज पडेल तिथे मला ढकलत न्यायचं, खाटेभोवती उघडायचं, काम झालं की मिटून बाजूला ठेवायचं. एवढं सरळ माझं आयुष्य असायला हवं होतं.

चंद्रपुरातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात भर मे महिन्यात मी तयार झालो. माझी कापडं शिवणारा शिंपी म्हातारा होता आणि सावकाश शिवत होता. दुकानदार घाई करायला लागला तेव्हा तो म्हणाला, "थांबा न भाऊ. दवाखान्याचं काम आहे. याच्यामागं कोनाची तरी इज्जत राहीन." ते ऐकून मी फुगलो होतो. आपण कोणीतरी मोठे आहोत असं मला वाटलं.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या शिवेजवळच्या एका दवाखान्यात मला आणलं. त्याचं नाव मी सांगणार नाही. दोष माझा आहे, तो मी एकट्यानेच घेतलेला बरा. पुरुषांचा वॉर्ड, वीस खाटा. गोंडपिपरीकडचे धानाचे शेतकरी, जिवतीच्या पहाडावरची माणसं, रस्त्यावर अपघात झालेले ड्रायव्हर, सगळे याच वॉर्डात यायचे.

तेव्हा तिथे साधना सिस्टर होत्या. त्यांचा एकच नियम, आधी पडदा आणि मग पेशंट. जखमेची पट्टी बदलायची असो, अंग पुसायचं असो, नुसतं कमरेत इंजेक्शन असो, त्या आधी मला ढकलत आणायच्या. दिवसातून दहा वेळा मी वॉर्डभर फिरायचो. माझं चाक कुरकुरलं की त्या स्वतःच्या डबीतलं खोबरेल तेल त्यात सोडायच्या. एका म्हाताऱ्याने घरी जाताना माझ्या नळीवर हात ठेवून "तू होता म्हून बरं झालं बापा" असं म्हटलं होतं. ते माझे चांगले दिवस होते.

मग साधना सिस्टरांची बदली झाली. खाटा वाढल्या, हात कमी झाले. पडदा आणा, उघडा, मिटा, एवढा वेळ कुणाकडे होता? हळूहळू मला फक्त एकाच कामासाठी हलवू लागले. एखादा माणूस जायला लागला किंवा गेला, की त्याच्याभोवती मला लावायचे. लोकांनी त्यातून जे समजायचं ते समजून घेतलं. पडदा आला की माणूस गेला, असं माझं नाव झालं. आया लेकरांना माझ्यापासून ओढून घ्यायच्या.

बारा नंबरच्या खाटेवर जिवतीकडचा पोचू नावाचा माणूस होता. मोहफुलं वेचताना अस्वलाने त्याची पाठ आणि कंबर फाडली होती. सोळा दिवस त्याची पट्टी भर वॉर्डात बदलली गेली. पट्टी सुरू झाली की तो डोळे घट्ट मिटून घ्यायचा. आपण कुणाला पाहिलं नाही तर आपल्यालाही कुणी पाहत नाही, असं काहीतरी त्याने मनाशी ठरवलं असावं. सोळा दिवस मी भिंतीला टेकून ते पाहत होतो. सतराव्या दिवशी मला त्याच्याभोवती लावलं, तेव्हा त्याला कशाचीच गरज उरली नव्हती.

त्यानंतर मला स्वतःचीच भीती वाटायला लागली. म्हणून एक दिवस कुणाच्या तरी बायकोने माझ्यावर ओला टॉवेल वाळत टाकला, तेव्हा मला बरं वाटलं. बाहेरच्या दोरीवरचे कपडे माकडं पळवायची, आणि मी तर आयता उभा होतो. टॉवेलमागून धोतरं आली, लुगडी आली, डब्यांच्या पिशव्या लटकल्या. कपडे वाळवायच्या घोडीला कोण घाबरतं? बायका माझ्यापाशी येऊन गप्पा मारायच्या. मी खिडकीजवळ वारा खात उभा राहायचो, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा, अशी माझी गत झाली होती, आणि मला तिचं काही वाटतही नव्हतं.

अशा दिवसांत बारा नंबरवर भैयाजी आले.

भैयाजी गोंडपिपरीकडच्या एका खेड्यातले धानाचे शेतकरी, वय सत्तरीला टेकलेलं. कापलेल्या धानाच्या पेंढ्या रचून जो उंच पुंजणा करतात, त्यावरून ते घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. पायाला वजन बांधून तो खाटेच्या टोकाला टांगून ठेवलेला. कुशीवर वळायचीही सोय नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "रक्त कमी आहे. आठ दिवस नीट खाल्लं-प्यायलं तर ऑपरेशन करू. नाहीतर कठीण आहे." सगळं त्या खाण्यावर अवलंबून होतं, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

भैयाजींची बायको कमळा तीन वर्षांपूर्वी वारली होती. मुलगा आदेश गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर जायचा, पाळी सुटली की डबा घेऊन थेट दवाखान्यात. भैयाजींचे धाकटे भाऊ पत्रू दिवसभर स्टुलावर बसून असायचे. आणि खरी सेवा होती ती सुनेकडे, दिव्यानीकडे. ती खाटेजवळ खाली चटई टाकून राहायची.

आता त्या घरची रीत सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं. दिव्यानी सासऱ्यांना मामाजी म्हणायची, पण नऊ वर्षांत ती त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ न देता वावरली होती. त्यांच्यासमोर खाटेवर बसायची नाही. भैयाजीही तिच्याशी थेट बोलायचे नाहीत. काही हवं असलं तर आधी कमळाला सांगायचे, आणि कमळा गेल्यावर सहा वर्षांच्या नातीला, मोनालीला. "तुह्या मायले म्हनाव, पानी पाहिजे." यात राग नव्हता, उलट मान होता. पण मोनाली शाळेसाठी गावात शेजारणीकडे राहिली होती. दवाखान्यात भैयाजींनी निरोप कुणाच्या हाती द्यावा? पाणी हवं असलं तर ते भिंतीकडे पाहून म्हणायचे, "कोनी पानी देते का?" पाण्याचं तरी असं म्हणता येतं.

खाटेवरच वापरायच्या भांड्याचं तसं म्हणता येत नाही. सगळे त्याला पॅन म्हणतात. वॉर्डातल्या मावशी कलाबाई ते आणून द्यायच्या आणि दुसऱ्या खाटेकडे पळायच्या. पुढचं सगळं दिव्यानी करायची. तिने कधी नाक मुरडलं नाही, कधी उशीर केला नाही. मान वळवून, पदर दातात धरून ती ते सरकवायची, उचलायची, धुऊन आणायची. गावाहून आलेला प्रत्येक जण म्हणायचा, सून असावी तर अशी. भैयाजी मात्र तेवढा वेळ खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर ओढून घ्यायचे.

आणखी एक गोष्ट होती. भैयाजी सारखे खाकरायचे. दिव्यानी चटईवर दमून डुलकी घेत असली, तिचा पदर ढळलेला असला, की स्वतःचे डोळे उघडण्याआधी ते खाकरायचे. सिस्टरने कागदावर खोकला लिहिला, डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला, आणि दिव्यानी त्यांना सकाळ-संध्याकाळ खोकल्याचं औषध पाजू लागली. औषधाने काडीचा फरक पडला नाही. मीही तो खोकलाच समजत होतो.

तिसऱ्या दिवसापासून भैयाजींचं खाणं उतरलं. अर्धी पोळी, मग पाव. "भूक नाई," एवढंच. आदेशने घरून अंबाडीची भाजी आणवली, सुकटीची चटणी आणवली, गावठी कोंबडीचा रस्सा आणला. डबे उघडायचे आणि झाकले जायचे. पाण्याचा पेला ओठाला लावून ते परत द्यायचे. घरच्यांनी विचार केला आणि त्यांना उत्तर सापडलं, भैयाजींना एकटं वाटतंय. मग माणसं यायला लागली. त्या गावची रीतच तशी, आजारी माणसाला भेटायला कोणी गेलं नाही तर घराण्याची मान खाली जाते. रोज चार, रोज सहा. ते भैयाजींच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायचे, आणि प्रत्येक जण दिव्यानीला तोच प्रश्न विचारायचा, "आज याइले साफ झाली का?" ती खाली बघून मान हलवायची.

मित्रांनो, ही माणसं वाईट नव्हती. कामाचे दिवस बुडवून, गाडीत दाटीने बसून ती आली होती. प्रेम नसतं तर कोण येतं?

चौथ्या दिवशी कलाबाईंच्या काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी माझ्यावरचे कपडे बाजूला सारून मला बारा नंबरकडे ओढलं. भैयाजींनी मला येताना पाहिलं. तहानलेला माणूस पाण्याकडे पाहतो तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत माझ्याकडे तसं कुणीच पाहिलं नव्हतं. पण पत्रू स्टुलावरून ताडकन उठले.

"कलाबाई, तो मुर्द्याचा पडदा इथी काऊन आणला? माझा भाऊ जित्ता आहे."

"अहो भाऊ, पॅन द्याचा आहे म्हून..."

"देत राह्यली न सून नेहमीसारखी. हे अशुभ इथी नको."

आदेशने मला स्वतःच्या हाताने भिंतीकडे परत लोटलं, आणि जाता जाता बापाचं धुतलेलं धोतर माझ्यावर वाळत टाकलं. पडदा राहू द्या, असं भैयाजींनी म्हणायचं तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं, आणि समोर सून उभी होती. त्यांनी पुन्हा दुपट्टा तोंडावर घेतला. मला कुणाचा राग आला नाही. माझं नाव माझ्या कर्मानेच खराब झालं होतं.

मग रविवार उजाडला. गावाहून गाडी भरून माणसं आली, अकरा जण. सकाळी दहापासून ती खाटेला वेढा घालून बसली. कुणी केळी सोलून भैयाजींच्या तोंडाशी धरली. कुणी नागपूरच्या नातेवाइकांना फोन लावून त्यात भैयाजींना दाखवलं, आधी तोंड, मग टांगलेला पाय, मग पुन्हा तोंड. "बोला न भैयाजी, हात हलवा." भैयाजींनी हात हलवला. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी चार पावलांवरून पाहत होतो आणि मला कळत होतं, कारण माणसाची ही अडचण ओळखणं हेच माझं जन्माचं काम. ते सकाळपासून रोखून धरत होते. दिव्यानीही ओळखून पुन्हापुन्हा पॅनला हात लावत होती आणि एवढ्या माणसांत तो काढायचा कसा म्हणून परत ठेवत होती. जा, असं पाहुण्यांना म्हणणं तिला शिकवलेलंच नव्हतं.

साडेबाराच्या सुमाराला भैयाजींचा ताबा सुटला. चादर आधी ओली झाली, मग वास आला.

मग पत्रू मोठ्या मनाने म्हणाले, "काई हरकत नाई भैयाजी. लहान पोट्टे नाई करत का?" दोघंतिघं हसलीसुद्धा, त्यांना हलकं वाटावं म्हणून. दिव्यानी उठली. अकरा माणसं मागे सरकली पण गेली कोणीच नाही, आणि तिने त्यांच्यादेखत सगळं पुसलं, चादर बदलली, सासऱ्याचं अंग धुतलं. भैयाजींनी दुपट्टा तोंडावर ओढून घेतला होता. त्या दुपट्ट्याचं टोक दातात धरल्यासारखं आत ओढलं गेलेलं होतं.

आणि मी कुठे होतो? मी चार पावलांवर होतो, मित्रांनो. माझ्या अंगावर त्याच माणसाचं धोतर होतं. धोतर वाळत होतं आणि धोतराचा धनी उघडा पडला होता. मला पाय नाहीत, पण चाकं होती, सहा. त्यातलं एक गंजून बसलं होतं, कारण वर्षानुवर्षं मी फारसा हललो नव्हतो, आणि हललो नाही याचं मला सुख वाटत होतं. त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या रविवारनंतर भैयाजींनी तोंड मिटलं ते मिटलंच. अन्न बंद. पाणी दिवसातून दोन-तीन चमचे, तेही जीभ ओली करण्यापुरतं. सलाईन लावलं. मंगळवारी सकाळी डॉक्टर आदेशला म्हणाले, "हे स्वतःहून बंद केल्यासारखं दिसतंय. असंच चाललं तर ऑपरेशनचं सोडा, माणूस हातात राहणार नाही."

आदेश खाटेजवळ आला. रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. "बाबा, मराचं आहे का तुमाले? काय कमी केलं आमी? सांगा न."

भैयाजी भिंतीकडे पाहून म्हणाले, "मले घरी ने."

"मोडका पाय घेऊन घरी? काऊन जीव घेऊन राह्यले आमचा?"

भैयाजींनी डोळे मिटले. अगदी पोचूने मिटले होते तसे. पत्रूंनी बाहेर जाऊन गावात फोन लावला. भैयाजीचं मन लागत नाही, बुधवारी आणखी दोन गाड्या पाठवा, असं त्यांनी सांगितलं. आदेश गावाहून डबा आणायला निघून गेला.

दुपारी दिव्यानी अंघोळीला गेली आणि पाच मिनिटांत परत आली. केस ओले, साडी कशीबशी गुंडाळलेली. कलाबाई माझ्याजवळच फरशी पुसत होत्या.

"काय झालं व बाई?"

"त्या बाथरूमची कडी तुटली आहे न. कोनी अनोळखी मानुस सरळ दार लोटून आत आला." दिव्यानी माझी नळी धरून उभी राहिली. "काई केलं नाई त्यानं. चुकीनंच आला, गेला निघून. पन मले असं वाटलं का आता घास नाई उतरनार."

"जाऊ दे. दवाखान्यात असंच असते."

दिव्यानी हळूच म्हणाली, "आमच्या घरी न्हानीले दारच नाई, कलाबाई. बांबूच्या ताट्या आहे नुसत्या. नऊ वर्सं झाले. पन मले एक दिवस भेव नाई वाटलं. मामाजी बैलाच्या कोठ्यापासूनच खाकरतेत. मी आतून भांडं वाजवलं तर तिथूनच मागं फिरतेत, उन्हात उभे राहतेत."

तिने खाटेकडे पाहिलं. औषधाची बाटली खाटेशेजारी अर्धी संपलेली होती.

"अन् मी त्याइले खोकल्याची दवा पाजून राह्यली," ती म्हणाली. "तो खोकला नोहे. इथीबी ते मलेच सावध करत होते. पदर घे म्हून. त्याइनं नऊ वर्सं माही लाज राखली. आन् मी अकरा मानसांत त्याइचं..." ती रडली, तोंडावर पदर घेऊन, माझ्या आडोशाला. रडताना तिला कुणी पाहिलं नाही, एवढं काम तरी माझ्याकडून झालं.

मग तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्यावरचा एकेक कपडा तिने काढला. टॉवेल काढला, कुणाचं तरी लुगडं काढलं, डब्याच्या दोन पिशव्या उतरवल्या, आणि सगळ्यात शेवटी भैयाजींचं धोतर. नुसतं हिरवं कापड उरलं, ते पण जागोजागी विटलेलं. तिने मला ओढलं. गंजलेलं चाक असं किंचाळलं की सगळा वॉर्ड उठून बसला.

पत्रू धावले. "दिव्यानी, काय करून राह्यली? तुले सांगतलं न, तो पडदा..."

तेवढ्यात आदेश डबा घेऊन दारात आला. दिव्यानीने डोक्यावरचा पदर नीट केला. आवाज चढवला नाही, पण हातातली माझी नळी सोडली नाही.

"काकाजी, तुमी बाहेर बसा. सगळ्याइनं बाहेर बसाचं. उद्याच्या गाड्या येऊ नोका म्हना." मग ती नवऱ्याकडे वळली. "मामाजीले भूक आहे. पोटात गेलं का पॅन घ्यावा लागते, अन् तो मी देतो, चार मानसांत. म्हून ते खात नाई. ज्या सुनेपुढं ते खाकरल्याबिगर आंगनात नाई आले, तिच्या हातानं ते हे कसं करून घेतीन? हे काम तुमचं आहे. तुमी करा."

आदेश उभाच राहिला. डबे, माणसं, औषधं, सगळं आणलं होतं त्याने, आणि हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. ते बायकांचं काम, असंच तो धरून चालला होता. पत्रू मान खाली घालून बाहेर गेले.

मला बारा नंबरभोवती उघडलं. कलाबाईंनी एका बाजूने, दिव्यानीने दुसऱ्या बाजूने. आत भैयाजी एकटे राहिले. मी आतही असतो आणि बाहेरही, म्हणून मला दोन्हीकडचं दिसतं. आत भैयाजींनी तोंडावरचा दुपट्टा हळूहळू खाली ओढला. छताकडे पाहिलं, माझ्या विटक्या कापडाकडे पाहिलं. बाहेर दिव्यानी एक पाऊल मागे उभी राहिली.

आणि ती खाकरली.

तिला सवय नव्हती, त्यामुळे तो आवाज फार लहान निघाला. आत भैयाजींनी तो ऐकला. मग नऊ वर्षांत पहिल्यांदा ते सुनेशी थेट बोलले.

"माय, आदेशले पाठव."

आदेश आत आला. त्याला पॅन कसा धरायचा तेही ठाऊक नव्हतं, बापानेच सांगितलं. सगळं झाल्यावर तो हात धुऊन आला आणि खाटेच्या कडेला बसून म्हणाला, "बाबा, मले सांगाचं होतं न एकडाव."

"कवा सांगाचं?" भैयाजी म्हणाले. "तू आला का दहा मानसं घेऊन येत होता."

आदेश रडला. बाप-लेक दोघंही रडले असतील, पण ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते पडद्याआडचं आहे. थोड्या वेळाने भैयाजींनी पाणी मागितलं आणि लोटाभर पाणी एका दमात संपवलं.

ऑपरेशन व्हायला पुढे अकरा दिवस लागले, कारण अंगातली ताकद भरून यायला वेळ गेला. तोवर मी बारा नंबरजवळच होतो. आदेशने चाकात तेल सोडलं. त्याच्या पाळीच्या वेळी कधी दिव्यानीलाच पॅन द्यावा लागायचा, पण ती आधी बाहेर खाकरायची आणि आतून "ये" येईपर्यंत थांबायची, मग भैयाजी दुपट्टा तोंडावर घेत नसत. भेटायला माणसं आली तरी दोन-दोन. पत्रू तर माझ्याबाहेर इतक्या जोरात खाकरायचे की सिस्टरने त्यांनाच खोकल्याचं औषध देऊ केलं.

घरी जायच्या दिवशी भैयाजी वॉकर धरून दहा पावलं चालले. मला तेव्हा शेजारच्या तेरा नंबरभोवती लावलं होतं, आत कुणाची तरी पट्टी चालली होती. भैयाजींना त्या माणसाचा निरोप घ्यायचा होता. ते माझ्यापाशी थांबले, खाकरले, आणि आतून आवाज येईपर्यंत तसेच दुखऱ्या पायावर उभे राहिले. त्यांनी माझ्या नळीवर हात ठेवला होता. साधना सिस्टरांच्या काळातल्या त्या म्हाताऱ्याचा हात मला आठवला, आणि माझी मान खाली गेली. भैयाजींसाठी मी वेळेवर पोचलो ते दिव्यानीमुळे. पोचूसाठी मी पोचलोच नाही, आणि त्याच्या वेळी कुणी दिव्यानी नव्हती, असं म्हणून माझी सुटका होत नाही.

आज सकाळी पुन्हा कुणीतरी माझ्यावर एक ओला टॉवेल टाकला आहे. कोपऱ्यातल्या खाटेवर एक माणूस डोळे मिटून पडलाय, आणि त्याची माणसं त्याला विचारताहेत की तो जेवत का नाही.

मित्रांनो, माझ्या चाकांना आता तेल आहे, पण ढकलायला हात तुमचे लागतात. तुमच्या घरचं कोणी असं पडून असेल तर डबा न्या, फळं न्या, पण आधी माझ्यावरचा तो टॉवेल काढा आणि मला ओढत न्या. आणि मी खाटेभोवती उघडलेला असलो, तर बाहेर एक क्षण थांबून खाकरा. आतून "ये" आलं, की मगच आत या.